अकरा पिक्सेलांची सूट

ओलोमोउत्समध्ये, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे
आमचं दुकान. थडग्यांवरच्या फोटोंचं.
पोर्सेलिनच्या लंबगोल चकत्या, भट्टीत भाजलेल्या,
ऐंशी वर्षं टिकतील असं मालक सांगतो.
तक्रार करायला कोण येणार आहे.

भट्टी त्याची. त्याआधीचं काम माझं:
आलेला फोटो स्कॅन करायचा
आणि मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून गाळून काढायचा,
वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, ओळीमागून ओळ,
विणकामाचे टाके मोजत जावं तसा.
लाल, हिरवा, निळा. प्रत्येकी शून्य ते दोनशे पंचावन्न.
त्याच्या वर उजेडाला परवानगी नाही.
पहिल्या आठवड्यात ती मर्यादा घालायला विसरले
तर एका मास्तरांचं कपाळ
जिथे सगळ्यात जास्त चमकत होतं
नेमकं तिथेच काळं ठिक्कर पडलं.

तपकिरी छटा द्यायची, म्हणजे परवा वारलेला माणूसही
जरा जुना वाटतो, सोसवतो.
सावली हवी तर त्याचाच आकार घ्यायचा, काळा करायचा,
चार पिक्सेल उजवीकडे, चार खाली सरकवायचा
आणि त्याच्याच पाठीशी उभा करायचा.
उठाव हवा तर स्वतःतून शेजाऱ्याला वजा करायचं,
फरक उरतो तेवढाच दिसतो.
आणि त्वचा मऊ करायची तर सरळ शेजारधर्म:
प्रत्येक ठिपक्याने भोवतीच्या आठांना विचारायचं,
स्वतःला धरून बेरीज, भागिले नऊ,
येईल ते आपलं म्हणायचं.
सुरकुत्या अशाच जातात. देवीचे व्रणही.

अडतं ते काठावर.
शेवटच्या ओळीतल्या ठिपक्याला खाली कोणी नाही.
शून्य धरलं तर कड काळवंडते.
मी त्यालाच त्याचा शेजारी करते.
एकटी माणसं करतातच की.
भांडी घासताना स्वतःलाच विचारतात, ऐकतोयस ना?

मृतांच्या दिवसाआधीची गर्दी होती, ऑक्टोबर संपत आलेला,
तेव्हा ओताकार आजोबा आले.
फोटो बायकोचा, झ्देन्काचा. हातात अळंब्यांची टोपली,
डोळे उन्हाने बारीक.
मी सगळं केलं. तपकिरी, मऊ, कडा विरघळत्या.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"छान आहे," म्हणाले. "कोण ही?"

हनुवटीवर डाग होता, म्हणे.
आलुबुखाराचा मुरंबा ढवळताना उडालेला थेंब,
लग्नाच्या आदल्या वर्षी, त्यांच्याच आईच्या स्वयंपाकघरात.
"तुमच्या मशीनने तो गालांना वाटून टाकला."

रागावले नव्हते. हिशोब विचारावा तसं बोलले.

मी एक अट लिहिली. दोन ओळींची.
या बिंदूपासून अकरा पिक्सेलांच्या आत
काही करू नकोस,
जसं आहे तसं पुढे जाऊ दे.
ते खुर्ची ओढून शेजारी बसले होते.
डाग परत आला तेव्हा पडद्याला बोट लावलं,
अजून गरम असल्यासारखं पटकन काढून घेतलं.

अट नंतर काढायची होती. गर्दीत राहून गेली.
लक्षात आली तेव्हाही राहू दिली.

आता इथून जाणाऱ्या प्रत्येक फोटोत
डावीकडून दोनशे बारावा, वरून तीनशे चाळिसावा,
त्या ठिपक्याभोवती एक बारकं वर्तुळ आहे
जिथे माझा हात पोचत नाही.
कुणाची हनुवटी येते तिथे, कुणाच्या टायची गाठ,
एकदा मांडीवरच्या कुत्र्याचा कान.
बाकी सगळं गुळगुळीत, आणि तेवढंच खरबरीत.

मालकाला माहीत नाही.
गिऱ्हाइकं चकती हातात घेतात, उजेडाकडे तिरकी धरतात,
म्हणतात, कशाने ते सांगता येत नाही, पण अगदी तोच.
मी सुटे पैसे परत करते
आणि पुढचा फोटो काचेवर पालथा घालते.